बाळाची तारीख आणि भावजींचे पौंड

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं कुटुंब मोठं आहे. पुणे, सांगली, नाशिक आणि न्यू जर्सी मिळून व्हॉट्सॲप ग्रुपवर एकतीस जण. गेल्या वर्षी न्यू जर्सीच्या चुलत जावेचे दिवस भरत आले तेव्हा गंमत म्हणून एक खेळ काढला. बाळ कोणत्या तारखेला येईल आणि किती वजनाचं असेल, याचा अंदाज प्रत्येकाने सांगायचा, दोनशे रुपये भरायचे, आणि सर्वांत जवळचा अंदाज ज्याचा त्याला सगळे पैसे. हिशेब माझ्याकडे होता.

बाळ तिथल्या १४ मेच्या रात्री १० वाजून ५० मिनिटांनी झालं. पुण्यात तेव्हा १५ मे, सकाळचे ८ वाजून २० मिनिटं. वजन सात पौंड दोन औंस. माझ्या धाकट्या भावजींनी १४ मे आणि ३ किलो ३०० ग्रॅम सांगितलं होतं, मामेसासऱ्यांनी १५ मे आणि ३ किलो २००. भावजींनी सात पौंड दोन औंस म्हणजे ७.२ पौंड धरून ३ किलो २६६ ग्रॅम काढले, म्हणजे त्यांच्या आकड्याला जवळ. मामांच्या मुलाने ३ किलो २३२ काढले, म्हणजे मामांना जवळ. शिवाय मामा म्हणतात, बाळ १५ला झालं, मी स्वतः चहा पिताना मेसेज वाचला. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलतात. ६२०० रुपये अजून सासूबाईंच्या कपाटात पडून आहेत.

आता नाशिकच्या नणंदेला सातवा लागतोय. पहिलंच आहे. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण, आणि सासूबाईंना पुन्हा तोच खेळ हवाय. आत्तेसासूबाई म्हणतात, मुलगा की मुलगी हा रकाना हवाच, नाहीतर गंमत ती काय! नणंदेला विचारलं तर म्हणाली, "करा काय करायचं ते." भांडण होणार नाही असे नियम सांगा. आणि आत्यांना नाही कसं म्हणायचं तेही सांगा, मी सून पडले.
— हिशेबनीस वहिनी, पुणे

हिशेबनीस वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. दोन माणसं वर्षभर रुसलीत ती आकड्यांवरून की आणखी कशावरून, ते बघावं म्हटलं. आकड्यांवरूनच निघालं. हायसं वाटलं, कारण आकड्यांची भांडणं मिटतात.

वजनाचं आधी. पौंडाचे औंस सोळा असतात, दहा नव्हेत. पाच फूट दोन इंच म्हणजे ५.२ फूट होत नाहीत, तसंच हे. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, औंस २८.३५ ग्रॅमचा. सात पौंडांचे ३१७५ ग्रॅम, वर दोन औंसांचे ५७, एकूण ३२३२. मामांचा मुलगा बरोबर, भावजी चुकले. फरक अवघा चौतीस ग्रॅमचा, दीड-दोन पेढ्यांच्या वजनाचा. पण ३२०० आणि ३३०० यांचा मध्य ३२५०, आणि एक उत्तर त्याच्या अलीकडे पडलं, दुसरं पलीकडे. एवढ्यानं निकाल फिरला.

तारखेत मात्र भावजी बरोबर. बाळ जिथे जन्मतं तिथल्या घड्याळाची तारीख त्याला लागते. त्याच्या जन्मदाखल्यावर १४ मे आहे, पासपोर्टवर तीच येणार, वाढदिवसही त्याच दिवशी. मे महिन्यात न्यू जर्सी आपल्यामागे साडेनऊ तास असतं (थंडीत साडेदहा), म्हणजे तिथे दुपारी अडीचनंतर जन्मलेल्या प्रत्येक बाळाची बातमी आपल्याकडे दुसऱ्या तारखेलाच पोचणार. मामांनी चहा १५ला प्याला हे खरं, पण तो चहा मामांचा.

आता बघा हं. भावजींची तारीख अचूक, वजनात ६८ ग्रॅमची चूक. मामांची तारीख एका दिवसाने हुकली, वजनात चूक ३२ ग्रॅमची. मग जिंकलं कोण? ५० ग्रॅमची चूक म्हणजे एका दिवसाची चूक असं धरलं, तर भावजी एकूण १.३६ दिवसांनी चुकले, मामा १.६४ दिवसांनी. भावजी जिंकले. आता २५ ग्रॅम म्हणजे एक दिवस असं धरा. भावजी २.७२, मामा २.२८. मामा जिंकले! दोन्ही हिशेब सारखेच सरळ आहेत. तुमच्या ग्रुपवर 'सर्वांत जवळचा' एवढंच लिहिलेलं होतं, आणि जवळचा म्हणजे काय ते ठरवायला तुम्ही बाळ झाल्यावर बसलात. तोवर प्रत्येकाला स्वतःचा आकडा ठाऊक, बाळाचाही ठाऊक. मग ज्याला जो नियम फळतो तोच त्याला न्यायाचा वाटू लागतो. भावजी लबाड नाहीत, मामा हट्टी नाहीत. तुमच्याकडे नियमच नव्हता, एवढंच.

म्हणून मागचा खेळ निकालाविना बंद करा. मी कुणालाच विजयी ठरवत नाही. शिवाय एकतीस जणांचे दोनशे म्हणजे बरोबर ६२००, याचा अर्थ बाळाच्या आईबाबांनीही पैसे लावले होते. डॉक्टरांनी काय सांगितलंय हे ज्यांना रोज कळतं ते भिडू आणि सांगलीत बसून बोटं मोजणारे भिडू एकाच रांगेत कसे बसवलेत? असो. येत्या १४ मेला (चौदाच!) त्या बाळाचा पहिला वाढदिवस आहे. ते पैसे बाळाला पाठवा, आणि पाठवणारे म्हणून मामा आणि भावजी अशी दोघांची नावं घाला. कुणी कोर्टकचेरीची भाषा केलीच, तर गमतीनं सांगून ठेवा की भारतीय करार कायद्याचं, १८७२ सालच्या, कलम ३० म्हणतं की पैजेचा करार हा करारच नव्हे, पैजेचे पैसे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. सासूबाईंचं कपाट त्याहून भक्कम आहेच.

आता नाशिक.

सगळ्या नियमांच्या आधी एक फोन करायचा आहे, आणि तो तुम्हीच करायचा, सासूबाईंनी नव्हे. "करा काय करायचं ते" हा होकार नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. माहेरी असो की सासरी, बाई हे वाक्य कधी बोलते ते आपल्याला कळतं. दुपारी ती एकटी असेल तेव्हा फोन करा आणि सरळ विचारा : हा खेळ नको असेल तर सांग, मी माझ्या नावावर बंद करते, तुझं नाव येणार नाही. हवा असेल तर तारीख चालेल का? वजन चालेल का? निकाल कोण सांगेल, तू की तुझा नवरा? ती "वजन नको" म्हणाली तर वजन नाही. कारण विचारायचं नाही.

यावर मी एवढी अडून का बसते ते सांगते. नोकरीत असताना आमच्या विभागातल्या एका मुलीसाठी असाच तक्ता मी केला होता. चहाच्या टेबलाशेजारच्या फळ्यावर लावला, रंगीत खडूंनी चौकटी आखल्या, प्रत्येकाचं नाव, तारीख, वजन. खूप हौसेनं. तिचं बाळ चौतिसाव्या आठवड्यातच आलं आणि कित्येक दिवस काचेच्या पेटीत होतं. आम्ही सगळे हळहळलो, डबे पोचवले, आणि तक्ता मात्र कुणाच्याच लक्षात राहिला नाही. तिचा नवरा रजेचा अर्ज द्यायला आला, चहा घ्यायला त्या टेबलाशी उभा राहिला. मी फडकं घेऊन धावले तोवर त्याचं वाचून झालं होतं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "३ किलो ४०० — पैज!" बाळ पुढे छान वाढलं, आता कॉलेजात आहे. पण त्या दिवशी त्यानं कप न उचलता ठेवला, ते मला अजून दिसतं.

म्हणून तुमचा पहिला नियम : खेळ बंद करण्याचा हक्क नणंदेला आणि तिच्या नवऱ्याला, कधीही, एका शब्दात, कारण न देता. तो शब्द आला की तुम्ही तो तक्ता पुसायचा आणि ग्रुपवर एवढंच लिहायचं, "खेळ थांबवला आहे." का, काय झालं, सगळं ठीक ना, असं एकानंही विचारायचं नाही. हे आजच, सगळं छान चाललेलं असताना, ठरवून ठेवा. तशी वेळ आली तर नियम सुचवायचं त्राण कुणात नसतं.

याला जोडूनच दुसरा. खेळणाऱ्यांपैकी कुणीही तिला "काय, काही हालचाल?" असा मेसेज टाकायचा नाही. तारीख जवळ आली की बाईच्या फोनवर हा एकच प्रश्न दिवसातून दहा दिशांनी येतो, आणि त्यात आपली पैज लागलेली असली की येतोच येतो. तारीख उलटली तर विचारूच नका. तिला आधीच झोप नसते, कूस बदलता येत नाही, त्यात सांगलीहून मामांचा मेसेज, "माझी तारीख उद्याची आहे बरं का, जरा धीर धर." ज्याने विचारलं तो बाद. हा नियम वाचून सगळे हसतील. हसू द्या, पण लागू करा.

आता तारखेकडे. डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे, मोजून काढलेली असते. तोंडी हिशेब नऊ महिने सात दिवसांचा. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणायच्या, दोनच दिवसांचा फरक! (सोनोग्राफीनंतर ही तारीख कधी थोडी मागेपुढे करतात.) पण नेमकी त्याच तारखेला येणारी बाळं शंभरात चार-पाचच. सदतीस ते बेचाळीस आठवडे, एवढ्या अवधीत कधीही येणं हे वेळेवरच आलं म्हणायचं, आणि पहिलटकरणीचं बहुधा थोडं पुढे सरकतं. खेळाला जी मजा आहे ती या पाच आठवड्यांमुळेच. तर दिलेली तारीख सगळ्यांना सांगा, नणंदेची हरकत नसेल तर. त्याउपर कुणाला काही कळत असेल तर तो खेळात नाही.

म्हणजे नणंद, तिचा नवरा, तिला तपासायला सोबत जाणारी तुमची सासूबाई, आणि कुटुंबात कुणी डॉक्टर असेल आणि तो रिपोर्ट बघत असेल तर तो, हे सगळे कच्चं लिंबू. अंदाज सांगू देत, तक्त्यात नाव येऊ दे, पण धरायचं नाही. सासूबाई थोड्या खट्टू होतील. त्यांना म्हणा, तुम्हाला सगळं ठाऊक असतं म्हणूनच तुम्हाला बाहेर ठेवलंय. हे ऐकून कुठलीही सासू नाराज होत नाही.

अंदाज स्वीकारणं छत्तीस आठवडे पूर्ण झाले की बंद. पुढे तपासण्या आठवड्याला होऊ लागतात, "डोकं खाली आलंय", "पाणी कमी आहे" अशा बातम्या फिरू लागतात, आणि ज्याला बातमी आधी कळते त्याचा अंदाज आपोआप सुधारतो. बंद केल्यावर तक्त्याचा फोटो ग्रुपवर टाका. नंतर बदल नाही, "मी मनात १८ म्हटलं होतं" हेही नाही. तारखा एकसारख्या आल्या तर येऊ द्या, पहिल्यानं घेतलेली तारीख दुसऱ्याला नाही असला बसच्या जागा धरण्याचा प्रकार नको.

सिझेरियनचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण भांडण तिथेच निघेल. देशभरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातली एकवीस-बावीस बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली, आणि खासगी रुग्णालयांत तर शंभरात सत्तेचाळीस, जवळजवळ निम्मी. डॉक्टरांनी दिवस आधी ठरवला की तारखेचा अंदाज उरतच नाही, आणि गुरुजींना विचारून मुहूर्त काढला तर मग पंचांग जिंकतं. म्हणून लिहून ठेवा : दिवस आधी ठरला (सिझेरियनचा किंवा कळा आणायचं औषध द्यायचा), तर तारखेचा रकाना रद्द, फक्त वजन धरायचं. कळा सुरू झाल्यावर ऐनवेळी सिझेरियन करावं लागलं तर तारीख चालेल, कारण ती कुणाला ठाऊक नव्हती. आणि या बाबतीत ग्रुपवर मत देऊ नका. "अरेरे, नॉर्मल नाही झालं?" हे वाक्य तर कुणी लिहूच नये, खेळ असो की नसो.

पंचांगावरून आठवलं. तुमच्या घरातला पुढचा वाद मी आत्ताच सांगून ठेवते. बाळ बुधवारी पहाटे पावणेचारला झालं, तर पंचांग मानणारी माणसं म्हणतील मंगळवार, कारण आपल्या जुन्या मोजणीत वार सूर्योदयाला बदलतो. पत्रिका करणारा गुरुजीही मंगळवारच लिहील, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. खेळात मात्र महापालिकेच्या जन्मदाखल्यावरची तारीख, म्हणजे मध्यरात्री बदलणारी. न्यू जर्सीचे नातेवाईकही नाशिकचीच तारीख धरतील. गेल्या वर्षी मामा जसे चुकले, तसं यंदा भावजींच्या अमेरिकेतल्या चुलतभावानं चुकू नये.

वजन म्हणजे जन्मल्यावर पहिल्यांदा केलेलं. हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, शेकडा सात ते दहापर्यंत उतरलं तरी चालतं, आणि दोन आठवड्यांत भरून येतं. तीन किलोचं बाळ घरी येताना पावणेतीनचं दिसू शकतं. कुणीतरी घरी काट्यावर ठेवून पुन्हा मोजेल आणि "बघा, माझंच बरोबर" म्हणेल, तर ते चालणार नाही. वजन किलो-ग्रॅममध्येच. पौंड या घरातून हद्दपार. सोनोग्राफीत अंदाजे वजन येतं ते कुणाच्या हाती लागलं तरी फार बिघडत नाही, त्यात शेकडा दहा-पंधराची चूक सहज असते, म्हणजे तीन किलोला तीनशे-साडेचारशे ग्रॅम इकडेतिकडे. तरी रिपोर्टचे फोटो ग्रुपवर नकोत. ते तिचे कागद आहेत.

आणि वजनावर शेरे नकोत. आपल्याकडे पूर्ण दिवसांची बहुतेक बाळं अडीच ते साडेतीन किलोंच्या मधे असतात, अडीचच्या खाली असलं तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, झालं. ग्रुपवर एकानं जरी "एवढंसंच?" लिहिलं तरी ते वाचणारी बाई टाके सांभाळत अंथरुणावर पडलेली असते. नणंदेला याची आत्ताच धास्ती वाटत असेल तर वजनाऐवजी वेळ घ्या, किंवा जावळ किती असेल ते घ्या : चिकार, बेताचं, चक्क टक्कल. यात कुणी कमी पडत नाही.

वजन राहिलंच तर गुण असे : एक दिवसाची चूक म्हणजे एक गुण दंड, ५० ग्रॅमची चूक म्हणजे एक गुण दंड, बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकला. चूक आधीची असो की नंतरची, सारखीच धरायची. पन्नासच का? तारखा साधारण पाच आठवड्यांत विखुरतात आणि वजनं हजार-दीड हजार ग्रॅममध्ये, त्यामुळे एका दिवसाला तीस-चाळीस ग्रॅम येतात, आणि तोंडी हिशेबाला पन्नास बरे. कुणाला चाळीस हवे असतील तर चाळीस घ्या, माझं काही अडत नाही. फक्त आत्ता घ्या. बरोबरी झाली तर जन्मवेळेचा अंदाज ज्याचा जवळचा तो पुढे, म्हणून वेळही आधीच लिहून घ्या. तरीही बरोबरी राहिली तर मान दोघांना. जुळं असेल तर वजनांची बेरीज आणि पहिल्या बाळाची तारीख. ते तोवर कळलेलं असेलच.

पैशांचं मात्र मी ऐकवणार आहे. दोनशे रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण दोनशे रुपयांसाठी मामा वर्षभर बोलत नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. पैसे काढून टाका. वर्गणी हवीच असेल तर ती बाळाची : दुपटी, झबली, टोपडी, वाळे, नणंदेला काय हवं ते विचारून. जिंकणाऱ्याला बारशाला पहिली वाटी घुगऱ्यांची, आणि ज्याचा अंदाज सर्वांत लांबचा त्यानं दिवसभर घुगऱ्या वाटायच्या. मामा हातात पातेलं घेऊन फिरताहेत आणि भावजी दोनदा मागून घेताहेत, हे चित्र मला तरी ६२०० रुपयांपेक्षा मोलाचं वाटतं. निकाल बारशालाच सांगा, आधी नको, तेवढे बारा दिवस बाळंतिणीला मिळतात. कानात कुर्र करण्याचा मान मात्र बक्षिसात काढू नका. तो आत्याचा आहे, आणि त्यावरून झालेलं भांडण मला मिटवता येणार नाही.

आता आत्तेसासूबाई आणि त्यांचा रकाना.

तुमचं मन नको म्हणतंय ते बरोबर म्हणतंय. मुलगा की मुलगी हा खेळ म्हणूनही भिकार आहे : निसर्गात शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पोट टोकदार की गोल, डोहाळे गोडाचे की तिखटाचे, यानं त्यात काही फरक पडत नाही. पण तेवढंच असतं तर मी चालवून घेतलं असतं. आपल्या राज्यात प्रत्येक सोनोग्राफी केंद्राबाहेर गर्भलिंग निदान केले जात नाही अशी पाटी का असते ते आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्राने यावर १९८८ मध्येच कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा १९९४ चा, १९९६ पासून लागू. डॉक्टरांनी शब्दानं, खुणेनं, कुठल्याही मार्गानं सांगायचं नाही, असं त्यात स्वच्छ आहे. आणि तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ भरल्या, दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. आत्यांनी घरात बसून अंदाज बांधणं हा गुन्हा नाही. पण एकतीस जणांच्या तक्त्यात सव्वीस जणांनी 'मुलगा' लिहिलं, आणि ते नणंदेनं वाचलं, आणि मुलगी झाली, तर पहिल्या दिवशीच त्या पोरीच्या नावापुढे सव्वीस चुका मांडल्या जातात. तिकडे न्यू जर्सीत लिंग आधी सांगतात, गेल्या वर्षी निम्म्या ग्रुपला ठाऊक असणार, तिथे तो रकाना नुसताच फुकट होता. नाशिकला तो फुकट नाही.

डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या ठेवतात, त्याचं काय? ते मी नणंदेवर सोडेन. तिला हवं असेल तर ठेवा, तिचं डोहाळजेवण आहे. नको असेल तर दोन्ही वाट्यांत एकच एक काहीतरी ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा दोन्हीत पुरणपोळीचे तुकडे ठेवले होते. उघडल्यावर सगळ्या बायका इतक्या हसल्या की पुढे कुणाला विचारायचं सुचलंच नाही.

आत्यांना नाही म्हणायचं कसं? तुम्ही म्हणूच नका. सुनेचा नियम मोडायला आत्यांना पाच मिनिटं पुरतील. पण गरोदर बाईचे डोहाळे पुरवायचे असतात हे त्याच तुम्हाला ऐकवत आल्या असतील. तर नियम नणंदेच्या नावानं मांडा : "तिला एवढंच हवंय, मुलगा-मुलगी लिहायचं नाही असा तिचा डोहाळा आहे." डोहाळ्याला आत्या नाही म्हणणार नाहीत. अर्थात त्यासाठी नणंदेनं तसं खरोखर म्हटलेलं हवं, म्हणून तो दुपारचा फोन आधी. आणि मग आत्यांना पंच करा. तक्ता त्यांच्याकडे, तुमच्या हाती फक्त लिहिणं. पंचाला खेळता येत नाही, पंचाला रकाने वाढवता येत नाहीत, आणि पंच सगळ्यांना गप्प बसवतो. आत्यांच्या अंगी हे शेवटचं असणारच, तुमच्या पत्रावरूनच दिसतंय.

ग्रुपवर टाकायला मजकूर हवा असेल तर असा टाका, वाढवू नका :

"नाशिकच्या बाळाच्या अंदाजाचा खेळ, नणंदबाईंच्या परवानगीने. प्रत्येकाने मला एकटीला तारीख, वेळ आणि वजन (किलो-ग्रॅम) कळवावं. छत्तीस आठवडे पूर्ण झाले की बंद. एक दिवस चूक = एक गुण, ५० ग्रॅम चूक = एक गुण, कमी गुण तो विजयी. दिवस आधी ठरला तर तारीख रद्द. तारीख नाशिकची, जन्मदाखल्यावरची. पैसे नाहीत. तिला फोन करून विचारणारा बाद. पंच आत्या. निकाल बारशाला."

आणि तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहायला सांगा. न्यू जर्सीचे लोक ५/४ लिहितात ते चार मे असतं, पाच एप्रिल नव्हे, आणि भावजी तेही आपल्या सोयीनं वाचतील.